विश्लेषण : पियानो शिकणाऱ्या मुलाला नाटकाला का न्यावे?

शनिवारी संध्याकाळी कीबोर्डचा क्लास आणि त्याच वेळी सभागृहात हौशी कलावंतांचे नाटक. अमरावती-अकोल्यातल्या बहुतेक घरांत अशा वेळी नाटक बाद होते. परीक्षा जवळ आलेली असते, फी भरलेली असते, सराव बुडवायचा नसतो. हा हिशेब चुकीचा आहे, असे माझे मत आहे. नाटक, कविता, चित्र, नाच यांच्या वाट्याला न गेलेला विद्यार्थी पट्ट्या बरोबर दाबायला शिकतो, पण वाजवायला शिकतोच असे नाही. असे का, ते समजून घेऊ.

पियानोची नेमकी अडचण काय?

पियानोची पट्टी दाबली की आतला हातोडा तारेवर आपटतो आणि लगेच मागे येतो. त्या क्षणापासून सूर विरत जातो. गायकासारखा तो मध्येच फुलवता येत नाही, सतारीसारखी मींडही काढता येत नाही. आपल्या पेटीत भात्यामुळे सूर लांबवता येतो, पण मींड तिथेही नाही. अशाच आक्षेपांवरून 1940 मध्ये आकाशवाणीवर पेटीला बंदी घातली गेली आणि ती सुमारे तीन दशके टिकली.

म्हणजे सूर ‘गातो आहे’ हा भास वादकालाच निर्माण करावा लागतो. डिजिटल कीबोर्डमध्ये पट्टी किती वेगाने दाबली, याची नोंद 1 ते 127 या आकड्यांत होते. हे सगळे आकडे प्रत्येक विद्यार्थ्याच्या बोटाखाली असतात. पण ओळीतल्या कोणत्या सुराला 40 द्यायचे आणि कोणत्याला 90, हे यंत्र सांगत नाही. पुस्तकातही ‘हळू’, ‘जोरात’ अशा ढोबळ खुणाच असतात. बाकीचे माणसांच्या बोलण्यातून, चालण्यातून, गप्प राहण्यातून कळते. आणि बोलणे, चालणे, गप्प राहणे विचारपूर्वक मांडलेले असते ते इतर कलांत.

पेटीवाल्यांनी काय केले?

पट्ट्यांच्या वाद्याची ही मर्यादा मराठी वादकांनी ओलांडून दाखवली आहे. गोविंदराव टेंबे (1881-1955) हे पेटीवादनातले मोठे नाव. पण ते नटही होते, लेखकही. ‘संगीत मानापमान’च्या (1911) पदांना त्यांनी चाली दिल्या. ‘अयोध्येचा राजा’ (1932) या चित्रपटात हरिश्चंद्राची भूमिका केली आणि संगीतही दिले. उस्ताद अल्लादिया खाँ यांचे चरित्र लिहिले.

पु. ल. देशपांडे यांचेही तसेच. ‘गुळाचा गणपती’ (1953) या चित्रपटात कथेपासून संगीत, दिग्दर्शन आणि अभिनयापर्यंत सगळे त्यांचेच होते. हेच पु. ल. डॉ. वसंतराव देशपांडे यांच्यासोबत पेटीला बसत. वसंतरावांचा जन्म अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा, 1920 चा. तेही नुसते गायक राहिले नाहीत, ‘कट्यार काळजात घुसली’मधले (1967) खाँसाहेब त्यांनी रंगभूमीवर उभे केले. साथ करणे म्हणजे समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत थांबणे आणि नेमके उत्तर देणे. ज्याने संवाद लिहिले आणि बोलले, त्याला हे शिकवावे लागत नाही.

छोटासा स्वानुभव सांगतो. इंजिनीअरिंगला असताना गॅदरिंगच्या एकांकिकेला मी कीबोर्डवर पार्श्वसंगीत दिले. तालमीत जिथे जिथे शांतता होती तिथे मी सूर भरत गेलो. शेवटी दिग्दर्शकाने माझे निम्मे तुकडे काढून टाकले आणि प्रसंग उभा राहिला. विरामाचे चिन्ह मी वहीत कित्येकदा लिहिले होते. ते वाजवायचेही असते, हे त्या दिवशी कळले.

गझलेतून काय मिळते?

अमरावतीत तर यासाठी घरचाच दाखला आहे. सुरेश भट (1932-2003) इथलेच. मराठी गझल लिहू पाहणाऱ्यांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. वृत्ताचा पहिला धडा मात्रांचा : लघु अक्षराची एक, गुरूच्या दोन. ‘लगागा’ म्हणजे पाच मात्रा. तो चार वेळा आला की भुजंगप्रयात होतो. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. म्हणजे श्लोक पाठ असलेल्या वऱ्हाडी मुलाच्या जिभेवर पाचाची चाल आधीच बसलेली असते.

आता रशियन संगीतकार मुसोर्गस्की यांच्याकडे वळू. चित्रकार मित्र हार्टमनच्या निधनानंतर भरलेले त्याच्या चित्रांचे प्रदर्शन पाहून त्यांनी 1874 मध्ये ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ ही पियानोरचना केली. एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या प्रेक्षकाची चालही तिच्यात आहे आणि तिची सुरुवात पाच व सहा ठोक्यांच्या आलटून-पालटून येणाऱ्या मापांत होते. चारच्या ठेक्यात अडकलेला विद्यार्थी इथे अडखळतो. ज्याने वृत्त म्हटले आहे किंवा झपतालाच्या दहा मात्रा हातावर मोजल्या आहेत, त्याला हे माप परके वाटत नाही.

गझल आणखी एक गोष्ट शिकवते. मैफलीत शेराची पहिली ओळ पुन्हा पुन्हा म्हटली जाते, उत्सुकता ताणली जाते आणि मग दुसऱ्या ओळीत काफिया येऊन पडतो. पियानोवर शेवटच्या सुराआधी किती थांबायचे, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

मग सराव कमी करायचा?

नाही. नाटक पाहून बोटे सुटी होत नाहीत. ती रोजच्या सरावानेच होतात. कला पाहिल्याने गणिताचे गुण वाढतात, असाही माझा दावा नाही. आक्षेप आहे तो कप्पे करण्यावर. दहावीला शास्त्रीय संगीत, नृत्य, लोककला, चित्रकला यांचे वाढीव गुण मिळतात, ही सोय चांगलीच. पण त्यातून प्रत्येक कला म्हणजे एक वेगळे प्रमाणपत्र, अशी सवय लागली. ज्या कलेचे प्रमाणपत्र नको, ती पाहायचीही गरज उरली नाही.

पालकांना आणि शिक्षकांना काय करता येईल?

महिन्यातला एक सराव सभागृहात घ्या. अकोल्यात प्रमिलाताई ओक सभागृह आहे, अमरावतीत संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन. राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग खिशाला परवडतात. गुरुकुंज मोझरीला खंजिरी भजन ऐका. गावात दंडार असेल तर मुलाला पुढे बसवा. परत आल्यावर ‘आवडले का?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘नट कुठे थांबला?’, ‘खंजिरी कधी गप्प झाली?’ असे विचारा. मग तीच जुनी धून पुन्हा वाजवायला सांगा.

एका रात्रीत चमत्कार होणार नाही. पण मूल एखाद्या सुरापाशी क्षणभर थांबले आणि का थांबलो, हे त्याला सांगता आले, तर बुडालेला तो क्लास वसूल झाला असे समजा.