न चढलेल्या उतारूंची मोजणी

गेल्या हिवाळ्यांत इयत्ता नववीच्या वर्गास एक आठवडा पुस्तकांतील गणिताऐवजीं रस्त्यावरचें गणित द्यावें, असें आमच्या मनांत आलें. वर्गाचे चार गट पाडले, प्रत्येक गटास एकेक वही दिली, आणि शाळा भरण्यापूर्वीं पाऊण तास मानखुर्दमधील एका बसथांब्यावर उभें राहून गाड्यांची नोंद करावी, असें सांगितलें. वहींत आम्हीं रकाने आंखून दिले होते ते तीन: गाडी आल्याची वेळ, मार्गाचा क्रमांक, व चढलेल्या उतारूंची संख्या. दुसऱ्याच दिवशीं एका गटानें जी वही आणून दाखविली, तींत पेन्सिलीनें आंखलेला चवथा रकाना होता, आणि त्याच्या माथ्यावर वळणदार अक्षरांत लिहिलें होतें, ‘थांबून निघून गेले’.

हा रकाना आम्हांस सुचला नव्हता, हें कबूल करावयास कांहींच हरकत नाहीं. कोणी घड्याळ पाहून शेअर रिक्षाकडे वळतो, कोणी पायीं चालूं लागतो, कोणी म्हातारी बाई वीस मिनिटें उभी राहून घरीं परतते. हीं माणसें गाडींत चढलीं नाहींत म्हणून तीं प्रवासी नव्हतीं, असें म्हणतां येईल काय? त्या वह्यांतील आंकडे आम्ही येथें छापीत नाहीं. एका थांब्यावर एक आठवडा मुलांनीं केलेली मोजणी म्हणजे कांहीं सिद्धांत नव्हे. परंतु त्या पेन्सिलीच्या रकान्यानें उभा केलेला प्रश्न मात्र पालकांपुढें मांडण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.

मोजणी ही संगणकाच्या युगानें दिलेली नवी देणगी आहे, अशी मुलांची समजूत असते. वस्तुतः तसें नाहीं. मुंबईंत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धांवली. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारें ६ लक्ष उतारूंनीं बसचा लाभ घेतला व पुढील वर्षीं ही संख्या ३८ लक्षांवर गेली, असें बेस्टच्याच इतिहासांत नमूद आहे. क्रमांक छापलेल्या तिकिटांच्या गठ्ठ्यांवरून रोजचा हिशेब लागे, आणि त्या हिशेबावरून कंपनी आपला धंदा कसा चालला आहे हें ओळखी. पुढें ७ ऑगस्ट १९४७ रोजीं हा सर्व कारभार कंपनीकडून नगरपालिकेच्या हातीं आला. आमच्या मतें त्याच दिवशीं मोजणीचा प्रश्नही बदलावयास हवा होता. कंपनीनें विचारावें, पैसे किती जणांनीं दिले. नगरपालिकेनें विचारावें, जावयाचें किती जणांना होतें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर कंडक्टरच्या पिशवींत मिळतें. दुसऱ्याचें तेथें मिळत नाहीं.

आजचें तिकिटाचें यंत्र जुन्या गठ्ठ्याहून पुष्कळच शहाणें आहे. उतारू कोठून चढला, कोठपर्यंतचें भाडें त्यानें दिलें, किती वाजतां दिलें, हें सारें तें टिपून ठेवतें. गाडी या क्षणीं कोठें आहे हें उपग्रहाच्या साहाय्यानें कळतें, आणि २०२१ सालच्या अखेरीपासून ‘चलो’ ॲपवर तें उतारूलाही पाहतां येतें. परंतु इतका शहाणपणा असूनही यंत्र बोलतें तें फक्त तिकीट काढणाऱ्याविषयीं. थांब्यावरून मागें फिरलेल्या माणसाची त्याला वार्ता नसते. आणि जेथें गाडीच जात नाहीं तेथील माणसांविषयीं तर तें यंत्र पूर्णपणें मुकें आहे.

मानखुर्दच्या लोकांना ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नाहीं. शहराला जें नकोसें होतें तें पूर्वेकडे खाडीच्या कांठीं नेऊन ठेवावें, ही मुंबईची फार जुनी संवय आहे. देवनारची कचराभूमि १९२७ सालची, कत्तलखाना त्यानंतरचा, १९७६ सालीं जनता कॉलनी उठवून तेथील कुटुंबें चीता कँपमध्यें आणलीं, आणि या शतकाच्या आरंभीं रेल्वेचे मार्ग वाढविण्यासाठीं रुळांलगतच्या झोपड्या हलविल्या, तेव्हां हजारों कुटुंबें लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत येऊन पडलीं. त्या प्रकल्पाला जागतिक बँकेचें कर्ज होतें. पुनर्वसनाविषयीं तक्रारी झाल्या, बँकेच्या चौकशी मंडळानें २००५ सालीं आपला अहवाल दिला, व त्यानंतर बँकेनें पुनर्वसनाचे पैसे कांहीं काळ रोखूनही धरले. आम्हांस या साऱ्या प्रकरणांत एकच साधी गोष्ट दिसते. घर हललें, काम हललें नाहीं. धुणींभांडीं जुन्या वस्तीशेजारच्या बिऱ्हाडांत, हातगाडी जुन्याच बाजारांत, आणि निजावयास मात्र मानखुर्द. या दोन टोंकांना जोडणारी गाडी हा त्या पुनर्वसनाचा चवथा खांब होता, आणि नेमका तोच कोणी मोजून-मापून रोवला नाहीं.

२००९ सालच्या मुंबई मानवविकास अहवालांत आपला एम-पूर्व विभाग अगदीं शेवटच्या क्रमांकावर होता. रेल्वे आहे, तें खरें. १९९२ सालीं हार्बर मार्ग खाडी ओलांडून वाशीस गेला, तोंपर्यंत मानखुर्द हें शेवटचें स्थानक होतें, आणि आज दोन्ही दिशांना जातां येतें. परंतु रूळ, महामार्ग व खाडी यांनीं ही वस्ती अशी कांहीं चिरली आहे, कीं स्थानकापर्यंत पोंचणें हाच अनेकांचा खरा प्रवास. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरील उड्डाणपूल २०२१ सालीं खुला झाला. मोटारवाल्यांचा वेळ वांचला, याबद्दल आमची तक्रार नाहीं. पुलावर बसथांबा नसतो, एवढेंच आम्ही सुचवितों.

येथें विद्यार्थ्यांसाठीं थोडें गणित. समजा, एका मार्गावर तासाला चार गाड्या आहेत. त्या दर पंधरा मिनिटांनीं नेमक्या आल्या, तर केव्हांही थांब्यावर येणाऱ्या उतारूला सरासरीनें साडेसात मिनिटें थांबावें लागेल. आतां त्याच चार गाड्या दोन-दोनच्या जोडीनें दर अर्ध्या तासानें आल्या, तर तीच सरासरी पंधरा मिनिटें होते. वेळापत्रकांत गाड्या चारच, चालक चारच, इंधनाचा खर्चही तोच. उतारूचा वेळ मात्र दुप्पट गेला. आणि अशा जोड्या कां लागतात? पहिल्या गाडीस थोडा उशीर झाला कीं पुढच्या थांब्यावर अधिक माणसें जमतात, तीं चढावयास अधिक वेळ लागतो, म्हणून तिला आणखी उशीर होतो; मागच्या गाडीस माणसें कमी मिळतात, म्हणून ती भरभर येऊन पहिलीस गांठते. यांत चालकाचा दोष नाहीं, कंडक्टरचा नाहीं. गाड्यांच्या जागेची नोंद रोज होतेच आहे. ती वाचून, कोणत्या नाक्यावर कोणत्या वेळीं ही गांठ पडते हें पाहून, एखादी गाडी दोन मिनिटें रोखून धरणारा माणूस हवा. त्या माणसाचा पगार हा नव्या गाडीहून किती स्वस्त, याचा हिशेब आमचे विद्यार्थीही करूं शकतील.

आतां पैशाकडे वळूं. एके काळीं बेस्टच्या विजेच्या नफ्यांतून बसचा तोटा भरून निघे. २००३ च्या वीज कायद्यानंतर ती सोय हळूहळू आटली, आणि बस महानगरपालिकेच्या अनुदानाकडे पाहूं लागली. २०१९ च्या जानेवारींत नऊ दिवसांचा संप झाला. त्याच वर्षीं महानगरपालिकेनें मदतीचा हात पुढें केला, जुलैंत किमान भाडें ५ रुपयांवर आलें व उतारू भराभर परत आले. स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ गाड्या कायम ठेवूं, असेंही तेव्हां कामगारांशीं ठरलें होतें. २०२५ सालीं भाड्यानें घेतलेल्या गाड्या धरूनही संख्या तीन हजारांच्या आंत होती, आणि त्या वर्षीं मे महिन्यांत साध्या गाडीचें किमान भाडें १० रुपये झालें. भाडें वाढवून तोटा भरून काढण्याच्या या मार्गावर आमचा विश्वास नाहीं. गाड्या कमी, भाडें अधिक, म्हणून उतारू पायीं जातो. मग यंत्रांतील आंकडे सांगतात कीं या मार्गावर मागणीच नाहीं. मग आणखी एक गाडी कमी होते. आंकडे खोटे नसतात, पण त्यांना हवा तो प्रश्न विचारून हवें तें वदवून घेतां येतें.

२०२५-२६ च्या अंदाजपत्रकांत महानगरपालिकेनें बेस्टसाठीं १,००० कोटी रुपये ठेवले. आमची सूचना अशी, कीं अशा अनुदानांतील प्रत्येक रुपयामागें एक पैसा केवळ मोजणी व मार्गांची दुरुस्ती यांसाठीं निराळा काढून ठेवावा, व तो डिझेलला किंवा थकलेल्या देण्याला वळवितां येऊं नये. एक पैसा म्हणजे १० कोटी. त्यांतून थांब्यांवर उभे राहून चवथा रकाना भरणारे लोक नेमतां येतील, यंत्रांतील नोंदी वाचणारी जाणती माणसें ठेवतां येतील, आणि मोजणींतून जें निघेल त्याप्रमाणें कांहीं नव्या फेऱ्या चालवून पाहतां येतील. या शेवटच्या बाबीवर आमचा विशेष जोर आहे. फेऱ्यांसाठीं पैसा नसेल तर मोजणी म्हणजे नुसता कागद. आणि नवी फेरी दोन आठवडे चालवून ‘कोणी येत नाहीं’ म्हणून बंद करणें हाही न्याय नव्हे. गरीब माणूस आपल्या कामाची वेळ नव्या गाडीच्या भरंवशावर एकदम बदलीत नाहीं. ती गाडी पावसाळ्यांतही येते, एवढें तरी त्याला पाहूं द्यावें. सहा महिन्यांहून कमी मुदतीची परीक्षा आम्ही परीक्षा मानणार नाहीं.

कोणी म्हणेल, गाड्याच पुरेशा नाहींत, तेथें मोजणीची चैन कशाला? आम्ही उलट विचारतों: घरांत पीठ भरपूर असतां कोणती गृहिणी मापट्यानें मोजते? कमी असतें तेव्हांच ती मोजते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो घेणाऱ्यांत ‘आमची मुंबई आमची बेस्ट’ यांसारख्या चळवळींतील लोकांच्या मनांतली भीति आम्हांस दिसते. आंकड्यांच्या नांवाखालीं कमी उत्पन्नाचे मार्ग कापले जातील, आणि कमी उत्पन्नाचे मार्ग बहुधा गरिबांचे असतात. ही भीति अनाठायीं नाहीं. दर किलोमीटरला किती रुपये मिळाले, हें एकच माप हातीं असेल तर दुपारीं गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयाकडे जाणारी अर्धी रिकामी गाडी नेहमींच तोट्याची दिसेल. तींत बसलेली आई लेंकराला दाखवून, वाटेंत रेशनच्या दुकानीं थांबून, तिसरी गाडी धरून घरीं येते. तिचे तीन छोटे प्रवास सकाळच्या गर्दीच्या मोजणींत कोठेंच येत नाहींत. म्हणून आम्ही मोजणी टाळा असें म्हणत नाहीं. माप बदला असें म्हणतों. गाडी गेल्यास किती जणांना दुसरा मार्ग उरत नाहीं, हेंही मोजतां येतें.

परदेशांतील दोन उदाहरणें सांगण्यासारखीं आहेत. दक्षिण कोरियाची राजधानी सोल हिनें १ जुलै २००४ रोजीं आपले बसमार्ग एकदम नव्यानें आंखले. गाड्यांना निळा, हिरवा, तांबडा, पिवळा असे रंग देऊन लांबचे व जवळचे मार्ग वेगळे केले, आणि तिकिटासाठीं कार्ड आणलें. पहिल्या दिवसांत एवढा गोंधळ उडाला, कीं नगराध्यक्षांना जाहीर माफी मागावी लागली. पण योजना मागें घेतली नाहीं, चुका दुरुस्त केल्या, आणि पुढें तीच व्यवस्था जगानें पाहण्यासारखी ठरली. दुसरें उदाहरण आफ्रिकेंतील आबिजान शहराचें. तेथें २०१३ च्या सुमारास मोबाईल फोनच्या नोंदींवरून, नांवें वगळून, लोक कोठून कोठें जातात हें आय.बी.एम.च्या संशोधकांनीं पाहिलें, व मार्गांत फेरबदल केल्यास प्रवासाचा वेळ सुमारें दहा टक्क्यांनीं घटेल असा अंदाज काढला. युक्ति मोठी चतुर खरी. परंतु ज्या घरांत एकच फोन व तोही बापाच्या खिशांत, त्या घरांतील बायकामुलांचा प्रवास तींत कसा दिसावा? पेन्सिलीचा रकाना तेथेंही लागलाच असता.

आणखी एक गोष्ट. या नोंदी कोणाच्या? तिकीट आम्हीं काढलें, कर आम्हीं भरला, तर त्यांतून निघालेली माहिती पाहण्याचा हक्कही आम्हांस असावा. दिल्लीनें २०१८ सालीं तेथील एका तंत्रशिक्षण संस्थेच्या मदतीनें आपल्या बसगाड्यांची माहिती सर्वांस खुली केली. कोणत्याही विद्यार्थ्यानें ती घ्यावी व तपासावी. मुंबईंतही प्रत्येक मार्गाच्या फेऱ्या ठरल्या किती व झाल्या किती, हें दर महिन्यास थांब्यावर कागद चिकटवून सांगावें, एवढी मागणी पालकांनीं आपल्या नगरसेवकाकडे करावी. तक्रारअर्जांत ‘बस वेळेवर येत नाहीं’ असें लिहिलें तर तें वाचून बाजूस ठेवतां येतें. तारीख, वेळ व मार्ग यांचा पानभर तक्ता जोडला तर त्यास उत्तर द्यावें लागतें.

मुलांच्या त्या चार वह्या सध्यां शिक्षकांच्या खोलींतील कपाटांत आहेत. पहिली मोजणी हिवाळ्यांत झाली, म्हणून येत्या जुलैंत ती पुन्हां करावयाची आहे. वह्यांना प्लास्टिकचीं आवरणें घालावयाचें ठरलें आहे, आणि छत्र्यांच्या गर्दींत माणसें कशीं मोजावीं यावर खल चालू आहे. पांचवा रकानाही हवा, असें एका गटाचें म्हणणें: निघून गेलेल्या माणसाला जावयाचें कोठें होतें. त्यासाठीं अनोळखी माणसांना थांबवून विचारावें लागेल, आणि तें कोणीं विचारावें यावर वर्गांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.