कोशिंबिरीची क्रियापदे

वैशाखात कुंभार पिंपळगावात दुपारचे जेवण घशाखाली उतरत नाही. भाकरी तशीच राहते आणि हात ताटाच्या डाव्या बाजूला जातो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांची जागा डावीकडे, भाजीची उजवीकडे, ही आपल्या पानाची रीत. मराठीच्या अभ्यासकांनी पाककृतीच्या गद्यालाही असेच डावीकडे ठेवले आहे. आमच्या मते तेथे आपली चूक होते आहे.

आम्ही वर्गात एकदा उन्हाळी कोशिंबिरीची कृती लिहावयास सांगितली. बहुतेकांनी लिहिले : काकडी कट करा, कांदा ॲड करा, सर्व मिक्स करा. परक्या शब्दांचा आम्हांस विटाळ नाही. टेबल आणि पेन आपण केव्हाच आपले केले. आक्षेप इतकाच, की एकट्या ‘कट’ने चिरणे, किसणे, कोचवणे ही तिन्ही क्रियापदे गिळली, आणि ती एकमेकांची पर्यायी नव्हेत.

काकडी किसली तर तिचे पाणी सुटून कोशिंबीर पातळ होते. ती कोचवावी, म्हणजे हातात उभी धरून सुरीने जवळजवळ चिरा द्याव्यात आणि मग वरून पातळ कापावी. बारीक तुकडे पडतात, तरी दाताखाली कुरकुरीतपणा राहतो. कांदा बारीक चिरावा. कैरी मात्र किसावी, कारण तिचा आंबटपणा सगळीकडे पसरावयास हवा. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी हाती असेल तर तिच्या फोडी पापुद्रा काढून, सोलून घ्याव्यात. पापुद्रा कडू लागतो. दाण्याचे कूट घालावे, ते सुटलेले पाणी धरते. मीठ अगदी पान वाढताना. आधी घातले तर तेच काकडीतले पाणी ओढून काढते. येथे प्रत्येक क्रियापद म्हणजे एक निर्णय आहे. शब्द गेला की निर्णयही जातो.

अशा गद्याची परंपरा आपल्याकडे आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचे, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालची. त्याहून मागे जावयाचे तर याच घनसावंगी तालुक्यातील जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभ लेखनक्रियेच्या निरूपणाने केला. अक्षर कसे काढावे, ओळी कशा राखाव्यात, हे सांगणे त्यांना ग्रंथाबाहेरचे वाटले नाही. मग काकडी कशी कोचवावी हे सांगणे आपल्याला अभ्यासक्रमाबाहेरचे का वाटावे?

भाषा बदलतेच, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु जुन्या शब्दाचे काम नवा शब्द करीत नसेल, तर त्याला बदल न म्हणता तूट म्हणावे. उपयोजित मराठीत आपण जाहिरात आणि बातमी शिकवतो. तेथे एक पाककृतीही असावी, इतकीच आमची सूचना आहे.

त्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, “आई ‘कोचवणे’ म्हणते, पण ते पेपरात चालेल का?” आईचा नेमका शब्द परीक्षेत चालणार नाही, अशी शंका तिला आमच्याच वर्गात आली. याचे उत्तर तिने नव्हे, आपण द्यावयाचे आहे.