फिल्टर नेमका कुठे असतो?



जून २०२० मध्ये शादी डॉट कॉमने स्थळं शोधताना त्वचेचा रंग निवडायचा पर्याय काढून टाकला. मागणी आली होती अमेरिकेतल्या डॅलसहून, एका भारतीय महिलेने सुरू केलेल्या ऑनलाइन अर्जातून. पुढच्याच महिन्यात हिंदुस्थान युनिलिव्हरने 'फेअर अँड लव्हली'चं 'ग्लो अँड लव्हली' केलं. १९७५ पासूनचं नाव! आम्ही आयटीवाले. वेबसाइटवरचा असा पर्याय काढणं किती सोपं असतं हे आम्हाला ठाऊक आहे. डोक्यातला पर्याय काढायचा कसा, हा खरा प्रश्न.

प्रसिद्धी मिळाली की तो आपोआप जातो का? आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. सावळी स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची. पुढे 'भूमिका' आणि 'चक्र'साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. १९८६ मध्ये ती गेली. तिच्या डोळ्यांबद्दल आपण आजही भरभरून बोलतो, पण तिच्या हयातीत आणि नंतरही फेअरनेस क्रीम जोरात खपतच राहिलं! २०१६ मध्ये 'सैराट' आला आणि अकलूजची रिंकू राजगुरू घराघरांत पोचली. गर्दी इतकी, की तिने दहावीची परीक्षा बाहेरून दिली. महाराष्ट्राने 'आर्ची'ला डोक्यावर घेतलं, पण स्थळाच्या बायोडाटातला 'वर्ण' हा रकाना काही गेला नाही. म्हणजे आवडत्या नटीला आपण अपवाद ठरवतो, नियम तसाच ठेवतो.

हे फक्त आपलंच नाही बरं का. जपानमध्ये २०१५ साली आरियाना मियामोतो मिस युनिव्हर्स जपान झाली. वडील आफ्रिकन-अमेरिकन, म्हणून 'ही पुरेशी जपानी नाही' अशी टीका झाली. पुढच्याच वर्षी प्रियांका योशिकावा मिस वर्ल्ड जपान झाली. तिचे वडील भारतीय, तिलाही तेच ऐकावं लागलं. २०१९ मध्ये निस्सिन कंपनीने एका जाहिरातीत टेनिसपटू नाओमी ओसाकाला चक्क गोरी रंगवलं आणि मग माफी मागितली. प्रसिद्ध व्यक्तीचा रंगसुद्धा असा परस्पर बदलला जातो!

आता आपल्या रीम आयलंडकडे वळू. इथल्या मीडिया कौन्सिलने २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर जाहिरात करणाऱ्यांसाठी परवान्याची अट जाहीर केली. चांगलंच आहे. पण मुलींच्या फोनमधल्या कॅमेऱ्यात चेहरा उजळवणारा फिल्टर असतो, त्याला परवाना कोण लावणार? आणि घरातल्या बोलण्याला?

"उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील," हे वाक्य आपल्या टॉवर्समध्येही ऐकू येतं. अबू धाबीच्या उन्हाळ्यात भर दुपारी मुलांना खाली न सोडणं योग्यच. पण कारण उष्माघाताचं सांगावं, रंगाचं नाही. पारा उतरला की संध्याकाळी मुलं परत खेळायला जातात. रंगाचं कारण मात्र एकदा मनात बसलं की बारा महिने तिथेच राहतं. इथे आपली मुलं अनेक देशांच्या मुलांबरोबर शिकतात. 'आपण कसे दिसतो' हा प्रश्न त्यांच्यापुढे रोजच असतो. त्याचं पहिलं उत्तर त्यांना नट-नट्यांच्या आधी आई-बाबा आणि आजी देतात.

सुरुवात अगदी छोटी करता येईल. गावाकडून किंवा इथल्या ओळखीतून स्थळाचा बायोडाटा आला, की 'वर्ण' हा रकाना आपण भरायचा नाही आणि विचारायचाही नाही. बघा पटतंय का, आणि मंडळाच्या पुढच्या भेटीत जरूर सांगा!