प्रेमाचा क्रम कोण ठरवणार? व्हान्स, पोप आणि धर्मराज्याचा जुना वाद

अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स २०१९ साली कॅथलिक झाले. जानेवारी २०२५ मध्ये स्थलांतरितांविषयीच्या कठोर धोरणाचे समर्थन करताना त्यांनी ख्रिस्ती शिकवणीचाच आधार घेतला. आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपला समाज, मग देशबांधव आणि शेवटी उरलेले जग. याला लॅटिनमध्ये 'ऑर्डो अमोरिस' म्हणजे प्रेमाचा क्रम म्हणतात. १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेतील बिशपांना पत्र लिहिले. व्हान्स यांचे नाव न घेता त्यांनी बायबलमधल्या चांगल्या शोमरोनीची आठवण दिली. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणारा तो माणूस.

पोपने नेत्याला सुनावले, एवढ्यावर ही बातमी सोडून देऊ नये असे आम्हाला वाटते. कारण वाद जुना आहे. १८६४ साली पोप नववे पायस यांनी आधुनिक काळातल्या 'चुकांची यादी' काढली. चर्च आणि राज्य वेगळे असावे, हे मतही त्यात चूक म्हणूनच होते. १९६० साली जॉन केनेडी यांना ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर उभे राहून सांगावे लागले की, आपण चर्चच्या हुकमाने देश चालवणार नाही. आणि ७ डिसेंबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्य हा माणसाच्या प्रतिष्ठेतून येणारा हक्क मानला. शंभर वर्षांत चर्च इथवर आले.

आता काही कॅथलिक विचारवंतांना पुन्हा मागे जायचे आहे. राज्याने चर्चच्या आध्यात्मिक ध्येयापुढे झुकावे, या मताला 'इंटिग्रलिझम' म्हणतात. त्यात ज्यांचे नाव नेहमी घेतले जाते ते हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक एड्रियन व्हर्म्युल. संविधानाचा अर्थ 'सर्वांच्या हिताच्या' नैतिक परंपरेतून लावावा, असे त्यांचे २०२२ चे पुस्तक सांगते.

सर्वांचे हित! 'बहुजन हिताय' म्हणणाऱ्या आपल्याला हा शब्द गोडच लागणार. पण ते हित कशात आहे हे ठरवणार कोण? गावाच्या हिताच्या नावाखाली आपल्या माणसांना गावकुसाबाहेर ठेवले गेले. म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी, मसुद्याने गाव सोडून व्यक्तीला एकक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले होते. व्हर्म्युल यांना नेमके हे व्यक्तीचे केंद्रस्थान खुपते.

कॅथलिक म्हणजे एकच मत, असेही कुणी समजू नये. २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अॅलिटो कॅथलिक, आणि विरोधात मत देणाऱ्या न्यायमूर्ती सोटोमायोर याही कॅथलिक. श्रद्धा एक, संविधानाचे वाचन वेगळे.

दुसऱ्याच्या धर्मराज्यावर बोट ठेवणे सोपे असते, म्हणून एक गोष्ट आपल्या घरातलीही. श्रीलंकेच्या १९७८ च्या संविधानातील कलम ९ बौद्ध धर्माला 'अग्रस्थान' देते आणि बुद्धशासनाचे रक्षण व संवर्धन हे राज्याचे कर्तव्य ठरवते. आपल्या अभ्यासवर्गांत या कलमाचा उल्लेख झालाच तर कौतुकाने होतो. तिथला तमिळ हिंदू, मुसलमान किंवा कॅथलिक नागरिक ते कसे वाचत असेल, हे आम्ही तरी आजवर कुठल्या वर्गात विचारलेले ऐकले नाही.