शिकण्याचे तास शिकण्यासाठीच हवेत : सातारा-सांगलीच्या प्रयोगशाळा विद्यार्थ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सातारा व सांगली
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सातारा व मिरज
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, सातारा व सांगली
दोन्ही जिल्ह्यांतील पॅरामेडिकल संस्थांचे प्राचार्य, खासगी प्रयोगशाळा व रक्तकेंद्रांचे चालक

विषय : वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान विद्यार्थ्यांचे काम, प्रशिक्षण आणि खासगी आयुष्य यांचा मेळ बसण्याबाबत.

महोदय/महोदया,

डीएमएलटी, बीएस्सी एमएलटी आणि बीपीएमटी शिकणारे आम्ही विद्यार्थी. माण, खटाव, जत, आटपाडीच्या दुष्काळी गावांतून आणि पाटण-जावळीच्या डोंगरातून आम्ही सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरजेला येतो. फी, मेस आणि खोलीभाडे यांची तोंडमिळवणी घरून होत नाही, म्हणून आमच्यातले अनेक जण सकाळ-संध्याकाळ खासगी लॅबमध्ये काम करतात. कष्टाची आम्हाला सवय आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण नोकरी कुठे संपते आणि प्रशिक्षण कुठे सुरू होते, हेच आता कळेनासे झाले आहे. ती हद्द पुन्हा आखून द्यावी, एवढ्यासाठी हे मागणीपत्र.

आमचा दिवस कसा जातो ते आधी सांगतो. सकाळी साडेसहाला उपाशीपोटी आलेल्या पेशंटची रांग लागलेली असते. ते कलेक्शन उरकून, दोन-चार घरी जाऊन सॅम्पल आणून (गाडी आपली, पेट्रोलही आपलेच) दहाच्या आत पोस्टिंगला हजर व्हायचे. सायंकाळी सुटलो की परत लॅब. रात्री नऊनंतर शेवटचा रिपोर्ट गेला की सुटका. त्यानंतर पुस्तक उघडायचे, आणि डोळे मिटले नाहीत तर वाचायचे.

याच मातीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. 1947 साली सुरू झालेले साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय तर ‘कमवा व शिका’ या तत्त्वावरच उभे राहिले. त्या योजनेत मुलांनी शेतात, बांधकामावर, स्वयंपाकघरात काम केले. पण तिचा व्यवहार चोख होता. केलेल्या कामाचे मोल शिक्षणाच्या खर्चात जमा व्हायचे आणि शिकण्याची वेळ शिकण्यासाठी राखलेली असायची. आज आमच्या वाट्याला ‘कमवा’ही अर्धे येते आणि ‘शिका’ही अर्धे. पोस्टिंगमध्ये आम्ही पूर्ण टेक्निशियनचे काम करतो, त्याचा मोबदला शून्य. उलट काही ठिकाणी ‘प्रशिक्षण शुल्क’ आम्हीच भरतो. कर्मवीरांच्या जिल्ह्यात तरी हे चालू नये.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी प्रशिक्षणाच्या आशयाबद्दल आहे. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने आमच्या क्षेत्राला मान्यता दिली आणि शिक्षणाचे तासही ठरवले. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान 2000, आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान 3600. तास भरले की नाही हे हजेरीपटावरून समजते. त्या तासांत हाताखालून काय गेले, याची नोंद मात्र अनेक ठिकाणी कुणी ठेवत नाही. अनुभव असा, की ज्याचा हात चांगला तो कलेक्शनलाच अडकतो. लहान मुलाची बारीक शीर एका प्रयत्नात सापडवणारी आमची मैत्रीण पोस्टिंगचे सगळे महिने टूर्निके आणि कापूस घेऊन बसते. लिशमन स्टेन किती वेळ ठेवायचा, बफर कधी घालायचे, स्मिअरची शेपटी जाड का झाली, हे तिला कुणी उभे राहून दाखवत नाही. परीक्षेत मात्र तिच्यापुढे स्लाइड येते आणि पेशी ओळखायला सांगतात.

तेव्हा रक्तविज्ञान, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, क्लिनिकल पॅथॉलॉजी, ऊतिविकृती आणि रक्तकेंद्र अशा सर्व विभागांत ठरावीक आठवड्यांची फिरती पोस्टिंग लेखी वेळापत्रकाने द्यावी. लॉगबुकवर त्या विभागातील वरिष्ठाने दर आठवड्याला सही करावी; वर्षअखेरी एका बैठकीत साऱ्या सह्या उरकण्याची पद्धत बंद करावी. कंट्रोल लावणे, लेव्ही-जेनिंग्ज तक्ता वाचणे, मशीनने दिलेला आकडा अविश्वसनीय का वाटतो हे ओळखणे, हाच तर या व्यवसायाचा कणा आहे. तो रांग आवरण्याच्या गडबडीत शिकता येत नाही.

दुसरी मागणी मोबदल्याची. एमबीबीएसच्या इंटर्नला शासन विद्यावेतन देते. आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी अभ्यासक्रमातही तीन वर्षांनंतर एक वर्षाची इंटर्नशिप आहे. ते विद्यार्थी त्याच रुग्णालयात, त्याच नाइट ड्युटीला उभे असतात. सर्व प्रयोगशाळा इंटर्नना विद्यावेतन मिळावे आणि ते दरमहा बँक खात्यात जमा व्हावे. रिकाम्या पदाच्या जागी विद्यार्थ्याला एकट्याने ड्युटी लावू नये. पद रिकामे असेल तर ते भरणे हा त्यावरचा उपाय आहे. खासगी लॅबमध्ये अर्धवेळ काम करणाऱ्यांना नेमणुकीचे पत्र, ठरलेले तास, आठवड्याची सुट्टी आणि घरपोच कलेक्शनचा इंधनखर्च मिळावा.

लॅबचालकांची अडचण आम्हाला समजते. छोट्या गावातली लॅब कमी दरात चालते, रिएजंटचे भाव वाढतात, डॉक्टरांना रिपोर्ट लगेच हवा असतो. पण थकलेल्या हातांनी केलेली बचत शेवटी पेशंटला महाग पडते. एक साधी गोष्ट घ्या. ट्यूबवर नाव पेशंटसमोरच, नाव विचारून लिहायचे असते. चौदा तासांची पायपीट झालेला विद्यार्थी चार ट्यूब भरून घेतो आणि नावे नंतर टेबलावर लिहितो. दोन लेबले अदलाबदल झाली, तर रक्तगट चुकतो. सुई घाईने ओढली, सॅम्पल हिमोलाइज झाले, तर पोटॅशियम वाढलेले दिसते आणि ठणठणीत माणूस अतिदक्षता विभागात जातो. यासाठी आमचे म्हणणे असे : कॉलेज, पोस्टिंग आणि नोकरी मिळून कुणाचाही दिवस बारा तासांपलीकडे जाऊ नये, नाइटनंतर दुसऱ्या दिवशी पोस्टिंग लावू नये, आणि परीक्षेआधीचे तीन आठवडे नाइट पूर्ण बंद असावी.

सुरक्षिततेबाबत आम्ही सवलत मागत नाही, नियमाची अंमलबजावणी मागतो. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे आस्थापनेवर बंधनकारक आहे. हिपॅटायटिस बीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, म्हणून पहिला डोस प्रवेशाच्या महिन्यातच मिळाला पाहिजे. सुई टोचली तर एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू करावे लागते. रात्री अकरा वाजता प्रिक झालेल्या मुलीने फोन कुणाला करायचा, हे प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लिहिलेले असावे. ओरडा बसेल या भीतीने मुले प्रिक लपवतात. तक्रार नोंदवणाऱ्याला दंड किंवा गैरहजेरी लागणार नाही, असे लेखी परिपत्रक काढावे.

राहिले आमचे स्वतःचे आयुष्य. ही मागणी चैनीची वाटेल, पण आम्ही ती मनापासून करतो. बेंदराला घरी बैल सजतात तेव्हा, पालीच्या खंडोबाच्या यात्रेला, मिरजेच्या उरुसाला, गणपतीत आमच्यातील कित्येक जण ड्युटीवर असतात. रुग्णालय बंद राहत नाही, हे मान्य. पण ड्युटीचा तक्ता महिनाभर आधी लागला तर आपसांत बदल करता येतो, बहिणीच्या लग्नाला जाता येते. तक्ता आदल्या रात्री मोबाइलवर येतो तेव्हा तसे काहीच ठरवता येत नाही. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये नाटक उभे केले, तिथे राहून तीन वर्षांत एकही नाटक न पाहिलेले विद्यार्थी आमच्यात आहेत. माणसांत मिसळणे थांबले की पहिल्यांदा चिडचिड वाढते, मग बोलणे बंद होते, मग मुलगा अभ्यासक्रम सोडून गावी जातो. महिन्यातून दोन रविवार सलग मोकळे मिळावेत आणि प्रत्येक संस्थेत समुपदेशकाची ठरलेली वेळ असावी.

पावसाळ्याचाही विचार व्हावा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये कृष्णा-वारणेच्या पुराने सांगलीचे रस्ते बंद झाले. 2021 लाच पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगावला दरडी कोसळल्या. अशा दिवसांची गैरहजेरी माफ व्हावी आणि ते तास नंतर भरून घेण्याची सोय असावी. याउलट, संकटात आम्ही मागे हटत नाही. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या रुग्णांमुळे इस्लामपूरचे नाव राज्यभर झाले, त्यानंतर मिरजेत कोरोना तपासणी सुरू झाली, आणि प्रयोगशाळेचे काम किती मोलाचे आहे ते साऱ्या जिल्ह्याने पाहिले.

वरील मागण्यांवर निर्णयासाठी आपण विद्यार्थी प्रतिनिधी, संस्थाचालक आणि लॅबचालक यांची संयुक्त बैठक दोन्ही जिल्ह्यांत तीस दिवसांच्या आत बोलवावी. फिरती पोस्टिंग, लस आणि महिनाभर आधीचा ड्युटी तक्ता या तीन गोष्टींना नवा निधी फारसा लागत नाही. त्या येत्या सत्रापासून सुरू कराव्यात, ही आग्रहाची विनंती.

आपले,
वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान विद्यार्थी संघटना,
सातारा व सांगली जिल्हे