गाणं हवं, श्रद्धा नको?

2025 मध्ये मराठवाड्यात उभी पिकं पाण्यात गेली आणि पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून महाराष्ट्र तापला. दोन्हींवर आत लेख आहेत. इथे मात्र वर्षभर मनात खुपत राहिलेल्या एका गोष्टीबद्दलच लिहितो.

या अंकासाठी ‘सूर आणि श्रद्धा’ या विषयावर लेख मागवले, तर बहुतेकांनी सूर ठेवला आणि श्रद्धा हलक्या हाताने बाजूला सारली. जमैकाचे रेगे गायक बॉब मार्ली यांच्यावरच्या लेखांत तर हे सर्वांत जास्त. गोव्यात हणजूणच्या बाजारात टी-शर्टांवर त्यांचा चेहरा टांगलेला असतो; शेजारी लाल-पिवळ्या-हिरव्या टोप्या, त्यांना शिवलेल्या खोट्या जटा. जटा, धूर आणि बेफिकिरी. एवढाच मार्ली आपण घेतला, याची मला चीड आहे.

मार्लींची श्रद्धा रास्ताफारी पंथाची. 1930 मध्ये इथिओपियात रास तफारी मकोनेन यांना हैले सेलासी म्हणून राज्याभिषेक झाला. गुलामगिरीने ज्यांच्या पूर्वजांची नावंसुद्धा हिरावून घेतली होती, त्या जमैकातल्या काळ्या गरिबांपैकी काहींनी या राजात आपला देव पाहिला; तेच रास्ताफारी. ही गोष्ट उघड सांगणाऱ्या लेनर्ड हॉवेल यांना इंग्रज सरकारने राजद्रोहाखाली तुरुंगात टाकलं. त्यांनी पिनॅकल इथे वसवलेली वस्ती पोलिसांनी 1954 मध्ये उद्ध्वस्त केली. 1963 मध्ये, देश स्वतंत्र झाल्यावरही, कोरल गार्डन्सच्या हिंसाचारानंतर दिसेल त्या रास्ताफारीला पकडून मारहाण झाली, जटा कापल्या गेल्या. सरकारने माफी मागितली ती 2017 मध्ये. टोपीला शिवून विकल्या जाणाऱ्या जटांची किंमत ही आहे. गांजाचंही तसंच. 1845 पासून जमैकात नेलेल्या भारतीय गिरमिटियांकडून तो तिथे रुजला, आणि रास्ताफारींनी त्याला उपासनेत स्थान दिलं. आपल्याकडचे लोक त्यावर फिदीफिदी हसतात, तेव्हा ते कशाला हसतात हे त्यांना ठाऊक नसतं.

मार्लींचा जन्म 1945 चा, नाइन माइल या खेड्यातला. वडील गोरे, आई काळी; वाढले किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत. 1966 मध्ये सेलासी जमैकात आले, तेव्हा पत्नी रिटा यांनी त्यांना पाहिलं आणि त्यांची श्रद्धा बसली. पुढे मार्लीही त्याच वाटेला लागले. रास्ताफारींच्या न्याबिंगी मेळाव्यांत तीन ढोलांवर रात्रभर उपासना चालते. रेगेमध्ये ते ढोल मुरलेले आहेत. 1975 मध्ये सेलासी गेल्याची बातमी आली, तेव्हा देव मरत नाही हे सांगायला मार्लींनी गाणं ध्वनिमुद्रित केलं. पुढच्या वर्षीच्या ‘वॉर’चे शब्द तर जवळजवळ सगळे सेलासींच्या 1963 च्या संयुक्त राष्ट्रांतल्या भाषणाचे. यातून श्रद्धा वजा करून काय उरतं ते मला कुणी दाखवावं.

3 डिसेंबर 1976 रोजी त्यांच्या घरात घुसून गोळीबार झाला. छाती-हाताला जखम झालेली असताना दोन दिवसांनी ते हजारोंसमोर गायले. 1978 मध्ये एकमेकांच्या रक्ताला चटावलेल्या दोन पक्षांचे नेते, मॅनली आणि सियागा, यांचे हात त्यांनी मंचावर एकत्र धरले. निव्वळ मौजेसाठी गाणारा माणूस हे करत नाही.

या श्रद्धेतलं सगळं मला पटतं असं नाही. सेलासी निरंकुश सम्राट होते. 1974 मध्ये त्यांच्याच सैन्याने त्यांना पदच्युत केलं. रास्ताफारी पंथांत बाईला दिलेली जागा बऱ्याच ठिकाणी खालची. 1977 मध्ये मार्लींच्या पायाच्या अंगठ्यात कर्करोग निघाला. अंगठा काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी नकार दिला. त्यामागे शरीर अखंड राहावं ही धारणा होती, असं सांगितलं जातं. 1981 च्या मे महिन्यात, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, ते गेले. हे वाचताना जीव तुटतो. पण हा नकार आणि ‘वॉर’ एकाच माणसाचे आहेत. नको तो भाग खुडून टाकला, तर तो माणूसच हाती राहत नाही.

तुकोबांबद्दलही हेच चाललंय. विद्रोह हवा, भाषा हवी, विठ्ठल तेवढा नको. असे लेख मी परत पाठवले: देवाला मानू नका, पण कवीचा देव त्याच्याकडेच राहू द्या, असं कळवून. काहींनी रागावून लेख मागे घेतले. काहींनी पुन्हा लिहिले. ते पुढच्या पानांवर आहेत.