गळक्या घराचा वाली कोण?

थंड मुलखातल्या भाडेकरूला घर उबदार ठेवण्याची चिंता. घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या चाळीत घर कोरडे ठेवण्याची. १९४७च्या कायद्याने भाडी गोठली, गरिबाला आसरा मिळाला. पण नाममात्र भाड्यात मालकाने डागडुजी करायची कशातून? ३१ मार्च २००० पासूनच्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली. दुरुस्तीची जबाबदारी मालकाचीच. त्याने टाळली, तर नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा; मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच! महिना १०० रुपये भाडे असेल, तर ३०० रुपये. तेवढ्यात गवंडी दारात तरी उभा राहील का? शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींना निदान म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. उपनगरांतला भाडेकरू मुंबईकर नव्हे काय?